शेवंताची वीत

शेवंताच्या हाताची वीत केवढी होती, ते मला आजही हवेत बोटं ताणून दाखवता येतं. अंगठा आणि करंगळी जेवढी जाईल तेवढी ताणली, तरी अर्ध्या भाकरीला पुरायची नाही. एवढ्याशा वितीनं आमच्या गावच्या शाळेनं एक अख्खा हिवाळा मोजून काढला, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. माझी लेक तर तोंडावर म्हणते, "आई, तू हे मनचं रचतेस." रचते तर रचते, बाई. तिला लातूरच्या क्लासमधनं कधी सवड झाली तर ये म्हणावं गावाकडं. शाळेपुढचा लिंब अजून जागच्या जागी उभा आहे.

आमची शाळा म्हणजे एकच लांब खोली. दगडाच्या भिंती, वर पत्रे, पुढं ओटा आणि ओट्याला तीन पायऱ्या. इवल्याशा पटांगणाच्या टोकाला तो कडुलिंब, आणि त्याच्या फांदीला टांगलेला लोखंडाचा तुकडा हीच घंटा. चार वर्गांच्या चार ओळी आणि सगळ्यांना मिळून एक गुरुजी. ते शेजारच्या गावाहून सायकलवर यायचे. पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याला सुतळी बांधलेली असायची आणि ती सोडायचं दिवसभर विसरायचे. एका ओळीला पाढे, दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला कविता आणि आम्हा चौथीला गणितं लावून दिली की ते मधोमध उभं राहून डोळे मिटायचे. आम्हाला वाटायचं, झोपले. पण त्या सगळ्या कालव्यात कुणी बारा साती त्र्याऐंशी म्हटलं, की डोळे न उघडता विचारायचे, "एक कुटं सांडलास रं?" आज इतक्या वर्षांनी डोळा लागता लागता मला तो कालवा ऐकू येतो. चार ओळींचे चार सूर एकमेकांत मिसळलेले, वर पत्र्यावर चिमण्यांची टकटक. ऐकता ऐकता मी कुठल्या ओळीत बसले आहे तेच समजेनासं होतं.

आमच्या शाळेत एक रीत होती. चौथीच्या प्रत्येक पोराला पहिलीतलं एक लेकरू वाटून दिलेलं असायचं. त्याची पाटी पुसायची, नाक पुसायचं, चिंचोके मांडून त्याला मोजायला शिकवायचं आणि शाळा सुटली की घराच्या वाटेला लावायचं. गुरुजी त्याला पदर म्हणायचे. "नंदे, तुझ्या पदराला कोण हाय?" त्या वर्षी माझ्या पदराला कुणीच नव्हतं, कारण पहिलीत एक लेकरू कमी पडलं होतं. नरसिंग म्हणून एक आगाऊ पोरगा होता आमच्यात, त्याच्यासुद्धा पदराला एक शेंबडा होता आणि मी मात्र मोकळी. त्यावरून मी चार दिवस रुसून बसले होते. शनिवारी पोरं पाणी आणायची आणि आम्ही पोरी खोली सारवायचो. सारवण वाळेपर्यंत सगळी शाळा लिंबाखाली बसून डबे सोडायची. माझ्या फडक्यात धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी ठरलेली. मायच्या धपाट्याला तिळाचा असा काही वास असायचा, की गुरुजी लांबूनच म्हणायचे, "नंदाच्या घरी आज बरी सकाळ झाली दिसती."

घरात माय, दादा आणि मी. दादा म्हणजे माझे वडील, चाकूरला तहसिलीत कारकून. सकाळच्या एसटीनं जायचे, दिवेलागणीला यायचे आणि येताना हापिसातला जुना पेपर आणायचे. त्या काळात लातूरचं नाव सगळीकडे गाजायला लागलं होतं. बोर्डात आलेल्या पोरापोरींचे फोटो पेपरात छापून यायचे. दादा ते कात्रीनं नीट कापायचे, मायकडून कांजी मागून घ्यायचे आणि देवांच्या फोटोंखाली भिंतीवर चिकटवायचे. माझ्या घरात मी लक्ष्मी, खंडोबा आणि चष्मा घातलेल्या सोळा-सतरा पोरांना रोज नमस्कार करत होते. माय म्हणायची, "ह्या लेकरांच्या मायनं ह्यांला जेवायला घातलंय का न्हाई, काय की. बघा कसे सुकलेत." दादांना ते आवडायचं नाही.

मग ती पहाट आली. गणपती बुडवून दमलेलं गाव गाढ झोपलं होतं. जमिनीखालून मोठा ट्रक गेल्यासारखा आवाज झाला, मायनं मला बखोटीला धरून अंगणात ओढलं, आणि मागं घरात काहीतरी खळ्ळकन फुटलं. आमच्या गावात माणूस दगावलं नाही. भिंतींना भेगा गेल्या, दोन घरांची माळवदं, म्हणजे मातीची छपरं, बसली, हौदातलं पाणी आपलं आपण बाहेर सांडलं. पण खाली औशाकडं गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. उजाडल्यावर आम्ही घरात डोकावलो, तर देवांचे फोटो खाली पडून काचांचा चुरा झालेला, आणि कांजीनं चिकटवलेली बोर्डातली पोरं भिंतीवर जशीच्या तशी. दादा त्या भिंतीकडं बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांच्या मनानं त्यातनं काय घेतलं ते मला तेव्हा कळलं नाही, पुढं कळलं.

नंतरचे दोन-तीन महिने मला स्वप्नासारखे आठवतात, आणि हे बोलताना लाजही वाटते, कारण लोकांवर आभाळ कोसळलेलं होतं. पण खरं ते खरं. सगळं गाव घराबाहेर आलं होतं. बाजा गल्लीत, चुली अंगणात, दळायची जातीसुद्धा दाराबाहेर काढलेली. कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना माहीत, आणि एका टोकाला कुणी गोष्ट सांगायला लागलं की दुसऱ्या टोकाचं माणूस हुंकार भरायचं. मधूनच जमीन जराशी हलायची. भांडी किणकिण करायची, कुत्री उठून बसायची आणि मग सगळं शांत. शाळा लिंबाखाली आली होती. ओव्हरसियर साहेबानं येऊन खोलीच्या भिंती ठोकून बघितल्या, 'मजबूत' म्हणून कागद लिहून दिला. पण लोक म्हणाले, "कागदानं भिंत थांबती व्हय?" गुरुजींनीही कुणाला आग्रह केला नाही. लिंबाला खिळा मारून फळा अडकवला आणि शाळा सुरू.

दिवाळीनंतर एके दिवशी आमच्या गावचा बळीमामा एका पोरीला हाताला धरून लिंबाखाली घेऊन आला. सहा वर्षांची असेल. केस भादरलेले, अंगात कुणाचा तरी मोठा झगा. "माझ्या बहिणीची हाय," मामा म्हणाला. औशाकडच्या त्या गावांपैकी एका गावातून ती आली होती. माळवदाखालून तिला एकटीलाच काढलं होतं. मामा गुरुजींना एवढंच म्हणाला, "छपराखाली जात न्हाई. पाऊस आला तरी जात न्हाई. बोलत बी न्हाई फारसं." गुरुजी खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "आमची शाळा बी छपराखाली जात न्हाई. बस की." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "नंदे, रुसली व्हतीस न्हवं? ही घे. हिचं नाव शेवंता."

मी किती खूश झाले म्हणून सांगू! तिला मी माझ्या बस्कराच्या अर्ध्यावर बसवलं, माझे निवडलेले गुळगुळीत चिंचोके दिले, अर्धं धपाटं दिलं. ती खायची, मोजायची, लिहायची, सगळं करायची, फक्त बोलायची नाही. वाऱ्यानं खोलीवरचा पत्रा वाजला, की दोन्ही हात डोक्यावर घ्यायची. मग मी तिच्या हातांवर माझे हात ठेवायची. एवढंच मला सुचायचं.

थंडी वाढली. सकाळी लिंबाखाली बोटं वाकेनात, पेन्सिल धरता येईना. बाकीच्या पोरांची भीती हळूहळू निघून चालली होती, दोन-तीन जण तर मधल्या सुट्टीत खोलीत शिरून लपाछपी खेळायचे. तेव्हा एका सकाळी गुरुजी म्हणाले, "पोरंहो, आजपासून शाळा चालत जाणार. लिंबापासून खोलीपर्यंत. रोज एक वीत." आम्ही हसलो. नरसिंग म्हणाला, "गुरुजी, असं तर मॅट्रिकपतुर न्हाई पोचायचो." गुरुजी म्हणाले, "तुला तसा बी तेवढा टाइम लागणारच हाय." मग त्यांनी पहिल्या ओळीच्या बस्करापुढं जमिनीवर आपला रुंद पंजा टेकवला. आणि काय झालं, तर शेवंता उठली. गुरुजींचा हात तिनं अंगठ्याला धरून बाजूला केला, त्या जागी आपली चिमुकली वीत मांडली आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर बोलली. "एवढंच." गुरुजींनी वर बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं. एवढंच."

झालं! तिथून पुढं शाळेचं माप म्हणजे शेवंताची वीत. पटांगणात सापडलेली एक पांढरी गारगोटी ती रोज नव्या जागी ठेवायची आणि फळ्यासकट चारी ओळी तेवढ्या पुढं सरकायच्या. फळ्यासाठी गुरुजींनी लाकडाची तिवई करून घेतली. एक वीत म्हणजे काय, डोळ्याला कळतसुद्धा नाही. पण आठ दिवसांनी बघितलं तर लिंबाची सावली मागं राहून गेलेली, आम्ही कोवळ्या उन्हात. आणखी काही दिवसांनी शेजारच्या परड्यातली हरभऱ्याची भाजी दिसायला लागली, मग ओट्याखालचं मुंगीचं वारूळ. शाळा जणू पाण्यावर ठेवलेल्या पानासारखी कुणाला न कळता सरकत होती. इतकी हळू चाललेली गोष्ट मी पुन्हा आयुष्यात बघितली नाही, आणि इतकी आवडलेलीही नाही. पण तेव्हा मला ती आवडत होती असं म्हणणं खोटं होईल. मी उतावळी पोरगी. शेवंताची पाठ वळली की मी गारगोटी पायाच्या अंगठ्यानं चार बोटं पुढं ढकलायची. ती परत यायची, बघायची आणि ती चार बोटं मागं घ्यायची. मी वैतागून म्हणायची, "अगं, माझ्या वितीनं मोजू की. लवकर पोचू." ती मान हलवायची. नाही म्हणजे नाही.

आणि मला घाई होण्याचं कारण घरात तयार होत होतं. दादांनी ठरवलं होतं की पाचवीला मला लातूरच्या मोठ्या शाळेत घालायचं. त्या शाळेची प्रवेशपरीक्षा असायची आणि त्या परीक्षेसाठीही क्लास असायचा. लातूरला दादांची चुलत बहीण होती. तिच्याकडं राहायचं, संक्रांतीच्या आधी जायचं, परीक्षा देऊनच परत यायचं. मी रडले. माय म्हणाली, "एवढ्या लवकर काय धाडलालाव लेकराला?" दादा भिंतीकडं बोट करून म्हणाले, "भूकंपानं देव पाडले, पण ह्यांला हलवलं का? शिकलेलं माणूसच टिकून राहतंय."

शेवंताला हे कुणीतरी सांगितलं. ती माझ्याकडं आली, झग्याचं टोक धरलं आणि विचारलं, "तू जाणार?" मला तिचं ते बघणं सोसवेना. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "तू खोलीत बसल्याबगर मी लातूरला जात न्हाई. आईशप्पथ." शब्द देताना काही विचार केला नाही. तेव्हा गारगोटी खालच्या पायरीपासून पंधरा-वीस विती लांब होती. म्हणजे पायऱ्या, ओटा आणि उंबरठा सोडूनच. आणि दादांनी जाण्याचा सोमवार नक्की करून टाकला.

त्यातच येळवस आली. आमच्या भागात या अवसेला गाव रिकामं होतं, सगळे आपापल्या शेतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच दगड मांडून पूजा करतात आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं जेवण. भज्जी म्हणजे हिरव्या शेंगा, हरभरा, तूर, भाज्या बेसनात एकत्र शिजवलेल्या. तशी चव पुन्हा वर्षभर मिळत नाही. बळीमामानं आम्हाला त्यांच्या शेतात बोलावलं होतं. मडक्यातली आंबील पिऊन मी बांधावर सुस्त पडले होते. डोळ्यांपुढं नुसती कणसं हलत होती. तेवढ्यात बघते तर शेवंता नैवेद्याचं पान दोन्ही हातांत धरून कोपीत शिरत होती. वाकली, आत गेली, पान ठेवलं आणि तिथंच मांडी घालून बसली. डोक्यावर कडब्याचं छप्पर! मी ताडकन उठून बसले. माझ्या डोक्यात एकच आलं. पोरीची भीती गेली. आता फक्त तिला ते कळायचं बाकी आहे.

आज मला कळतं की कडब्याची कोप पडली तर अंगावर गवत पडतं, एवढं त्या सहा वर्षांच्या पोरीला चांगलं ठाऊक होतं. दहा वर्षांच्या हुशार नंदाला ते कळलं नाही. हिलाच बोर्डात आणणार होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजी सरपंचाची सही आणायला गेले. मी शेवंताची पाटी उचलली आणि खोलीत पार आतल्या कोनाड्यात नेऊन ठेवली. मग तिला म्हणाले, "शेवंते, पाटी आत राहिली बघ तुझी. जा, घेऊन ये." ती ओट्यावर चढून उंबरठ्याशी उभी राहिली. किती वेळ उभी राहिली! पटांगणात पोरं ओरडत होती, सूरपारंब्या चालल्या होत्या, आणि मी श्वास धरून तिच्या पाठीकडं बघत होते. मग तिनं पाय आत टाकला. एक, मग दुसरा. भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध, पावलं मोजत गेली. कुणी ढकललं नाही, ओढलं नाही. ती आपल्या पायांनी आत गेली होती हो! मी तेवढं बघून गप्प बसले असते तरी पुरे होतं. पण मला आनंदानं वेड लागलं. मी धावत जाऊन दार ओढलं आणि कडी लावली. बाहेरून ओरडले, "बघ! काय झालं का? काय बी न्हाई झालं! मी धा मोजते, मग काढते!" आणि मोठ्यानं, सावकाश, गाणं म्हटल्यासारखे दहा मोजले.

आतून काहीच आवाज आला नाही. ती रडली असती तर मी लगेच उघडलं असतं. कडी काढली तेव्हा ती खोलीच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात डोक्यावर, झगा ओला झालेला, डोळे उघडे. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या अंगाला न लागता बाजूनं बाहेर गेली आणि पायऱ्यांवरून उडी मारून जी पळाली, ती नजरेआड झाली.

गुरुजी आले. घंटा वाजली, सगळी शाळा शोधायला निघाली. बळीमामा अनवाणी पळत होता, विहिरीत डोकावत होता, आणि मी त्याच्या मागून धावताना देवाला म्हणत होते, मला काय पण कर, तिला काही होऊ देऊ नको. ती सापडली शेतातल्या कोपीत. कालच्या नैवेद्याच्या वाळलेल्या पानाशेजारी अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. गुरुजींनी तिला उचलून सायकलच्या दांडीवर बसवलं आणि सायकल हातानं ढकलत गावात आणली. मी मागं चालत होते. मी सगळं कबूल केलं. गुरुजींनी मारलं नाही, रागवलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला जायची घाई व्हती, नंदे. तिला न्हवती." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर त्यांनी एकट्यानं तिवई, फळा आणि सगळी बस्करं पायरीपासून उचलून परत लिंबाखाली नेली होती. दीड महिन्याच्या विती गेल्या. शेवंता त्यांच्या पायाशी बसली होती. "हिचा पदर आता मी," ते म्हणाले. मी मान खाली घातली. आयुष्यात मला इतकी लाज पुन्हा वाटली नाही.

सोमवारी एसटीच्या खिडकीतून शाळा दिसली. लिंबाखाली चार ओळी. शेवंतानं वर बघितलं की नाही, ते धुळीत कळलं नाही.

लातूरचा क्लास एका दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होता. अरुंद जिना, लांब हॉल, बाकांना बाकं चिकटलेली, शाई आणि घामाचा वास. रोज एक चाचणी आणि रोज संध्याकाळी भिंतीवर नंबरांची यादी. आत्या प्रेमळ होती, सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेले कुरमुरे फोडणी देऊन, करून घालायची, त्यात दाणे जास्त टाकायची. पण तिथं कुणाच्या पदराला कुणी नव्हतं. शेजारची पोरगी उत्तरावर हात आडवा धरून लिहायची. मला झोपेत चार ओळींचा तो कालवा ऐकू यायचा, जागी झाले की नुसता पंख्याचा आवाज. आज माझी लेक त्याच गावात त्याहून मोठ्या क्लासला जाते, आनंदात आहे, मी काही बोलत नाही. फक्त खोली बघायला गेले तेव्हा तळमजल्यावरची मागून घेतली. ती चिडली माझ्यावर.

क्लासला महिना झाला असेल. चाचणी चालली होती आणि इमारत हलली. फार नाही, खिडकीच्या काचा तेवढ्या वाजल्या. पोरं उठली, बाकं आपटली, सगळी जिन्याकडं धावली. सर ओरडले, "किरकोळ हाय! बसा खाली, पेपर लिहा!" आणि पाच मिनिटांत सगळी परत येऊन लिहायलाही लागली. मी उठलेच नव्हते. माझे दोन्ही हात डोक्यावर होते आणि ते मला खाली घेता येईनात. कुणीतरी हसलं. तेव्हा मला ती खोलीच्या मधोमध उभी राहिलेली दिसली. मी बाहेरून गाणं म्हटल्यासारखे दहा मोजत होते तेव्हा आत तिला कसं वाटलं असेल, ते मला त्या बाकावर बसून कळलं.

त्यानंतर मला जिना चढवेना. आत्या हाताला धरून न्यायची, मी खालच्या पायरीवर बसून राहायची. पुढं पुढं आत्याच्या घरातही बसवेना, अंगणात पाटी घेऊन बसायची. शेवटी शिमगा झाल्यावर दादा न्यायला आले. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. एसटीत त्यांनी मला खिडकीशी बसवलं. मी म्हणाले, "दादा, तुमचं नाव घालवलं मी." तेव्हा खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "हापिसात माझं टेबल आता दारापाशी हाय. मागूनच घेतलंय मी. कुणाला सांगू नकू." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी गेल्यावर बघते तर बोर्डातल्या पोरांच्या शेजारी देवांचे फोटो नव्या काचा घालून परत लावलेले होते.

दुसऱ्या दिवशी मायनं धपाटं बांधून दिलं आणि मी शाळेत गेले. पटांगण मोकळं होतं. लिंबाखाली कुणी नाही, पायरीवर नाही, ओट्यावर नाही. लिंबाला नवा मोहोर आला होता, त्याचा गोडसर कडू वास, आणि खोलीतून तो कालवा येत होता. पाढे, कविता, शुद्धलेखन, सगळं एकातएक. त्यात एक बारीक आवाज बे एकं बे म्हणत होता. मी तो आवाज ओळखला आणि माझे डोळे भरून आले. ती आत होती. माझ्याशिवाय, माझ्या घाईशिवाय, आपल्या वितीनं आत गेली होती.

गुरुजी दारात आले. सुतळी घोट्याला तशीच. "कवा आलीस नंदे? ये की आत." मी दोन पावलं टाकली आणि थांबले. पत्रे दिसत होते. माझे हात आपोआप वर जायला लागले, ते मी पाठीमागं धरून ठेवले. गुरुजींनी माझ्याकडं नीट बघितलं आणि ते दारातून बाजूला झाले. आतला कालवा थांबला. सगळी शाळा दाराशी आणि खिडक्यांशी गोळा होऊन मला बघत होती. मला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं.

तेवढ्यात पोरांच्या पायांमधून शेवंता बाहेर आली. केस कानापर्यंत वाढले होते. एका हातात माझं जुनं बस्कर, दुसऱ्या हातात गारगोटी. पायऱ्या उतरून, सगळं पटांगण चालून ती लिंबापाशी गेली, बस्कर अंथरलं, धूळ झटकली आणि माझी वाट बघत उभी राहिली. मी गेले. "शेवंते, मी त्या दिवशी..." एवढंच बोलता आलं आणि मी रडायला लागले. तिनं माझे पाठीमागचे हात सोडवले, ते माझ्याच डोक्यावर ठेवले आणि वरून आपले दोन्ही हात ठेवले. मागून खडखड आवाज आला. गुरुजी आणि नरसिंग तिवई उचलून आणत होते, आणि त्यांच्यामागं आपापली बस्करं घेतलेली सगळी शाळा. नरसिंग कुरकुरत होता, "आता ह्या साली बी न्हाई पोचत आपण."

शेवंता खाली बसली. बस्करापुढची जमीन तिनं तळव्यानं साफ केली, आणि मग एकदम थांबली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"तुझ्या वितीनं मोजू का माझ्या?" तिनं विचारलं.

"तुझ्या," मी म्हणाले.